पारा अजून यायचाय

आमच्या विज्ञानाच्या बाई उतारा सांगताना विरामचिन्हेही मोठ्याने सांगत. "सोडिअम स्वल्पविराम पोटॅशिअम हे धातू रॉकेलमध्ये ठेवतात अर्धविराम" असे त्या म्हणाल्या की पन्नास पेने एकदम थांबत. एका मुलाने हे सगळे अक्षरांतच लिहून घेतले होते. वर्ग आठवडाभर हसत होता. मराठीच्या तासाला विरामचिन्हांचा धडा रीतसर झाला होता, परीक्षेत दोन गुणांचा प्रश्नही यायचा. तरी मला अर्धविराम कशासाठी असतो हे कळले ते धातूंच्या धड्यात. मी लिहिले होते, 'सर्व धातू कक्ष तापमानाला स्थायू असतात.' बाईंनी त्या टिंबावर लाल पेन टेकवले. "इथे पूर्णविराम दिलास की वाक्य खोटं झालं. अर्धविराम दे, पारा अजून यायचाय."

आता पंधरा-एक वर्षांनी, दोन्ही प्रकारची पुस्तके शेजारी ठेवून वाचताना वाटते की त्या एका वाक्यात मराठी विरामचिन्हांच्या शिकवणीवरची सगळी टीका आली होती. अर्धविरामाचे व्याकरणातले उदाहरण आपल्या सर्वांना पाठ आहे : ढग गर्जतात आणि पाऊस काही येत नाही. त्या वाक्यात अर्धविरामाऐवजी पूर्णविराम द्या, स्वल्पविराम द्या, काहीच देऊ नका. ढगांचे आणि पावसाचे काही बिघडत नाही. चिन्ह चुकले तर गुण जातो, अर्थ जात नाही. मुलाला एवढेच कळते की ही परीक्षकाची आवड आहे. उद्गारचिन्हाच्या सरावात तर 'अरेरे', 'शाबास', 'बापरे' यांपलीकडे फारसे कोणी जात नाही. म्हणजे चिन्हांचा सराव आपण भावनांवर करतो, आणि भावनांच्या वाक्याला चूक ठरवणे अवघड असते.

धातूंचा धडा याच्या उलट. तो अपवादांचाच धडा आहे. धातू कठीण असतात, पण सोडिअम सुरीने कापता येते. अधातू विजेचे दुर्वाहक, पण ग्रॅफाइट वीज वाहून नेते. अधातूंना चकाकी नसते, पण आयोडिनला असते. पारा एकटाच द्रव म्हणावे तर गॅलिअम 29.8 अंश सेल्सिअसला वितळते, सिझिअम त्याच्याही थोडे आधी. मे महिन्यातल्या चंद्रपुरात 'कक्ष तापमान' हा शब्दच धोक्याचा आहे. असे प्रत्येक विधान पुढच्या 'पण'ला जागा ठेवून करावे लागते. ती जागा ठेवणे हेच अर्धविरामाचे काम. तर्काने पाहिले तर 'पारा वगळता' असे आधीच म्हणणे अधिक शुद्ध, हे मान्य. परंतु अपवाद चार झाले की 'वगळता'ची शेपटी डोक्यापेक्षा मोठी होते आणि मूळ नियम वाक्याच्या अखेरीस धापा टाकत पोचतो. नियम आधी, अपवाद नंतर आणि मध्ये वाक्य न संपवता घेतलेला श्वास, ही रचना मला आजही जास्त प्रामाणिक वाटते.

ही चिन्हे आपल्याकडे तशी उशिरा आली. मोडीत शब्दांमध्येही जागा सोडत नसत. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि तिला अक्षरे टांगायची. मेजर थॉमस कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक 1850 चे. हिंदीने उभा दंड ठेवला, आपण टिंब घेतले. मराठीचे त्याआधी अडले नव्हते, कारण विभक्तिप्रत्यय आणि शेवटी येणारे क्रियापद मिळून बरेचसे काम उरकतात. म्हणून आपली चिन्हे शोभेची आहेत असा समज टिकून राहिला आहे. अपूर्णविरामाला तर जागा हवी असते, नाहीतर तो विसर्ग दिसतो. निम्म्या छापील मजकुरात तो विसर्गच दिसतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

पण मराठीच्या रचनेत एक अशी अडचण आहे जी स्वल्पविरामानेही सुटत नाही, आणि ती मला धातूंच्याच वाक्यात दिसली. 'रॉकेलमध्ये ठेवलेले सोडिअम, पोटॅशिअम आणि मॅग्नेशिअम घ्या.' विशेषण आधी, नामांची रांग नंतर. 'रॉकेलमध्ये ठेवलेले' हे कुठपर्यंत पोचते? मॅग्नेशिअमची फीत रॉकेलमध्ये बुडवायची गरज नाही, ती डबीत राहते. व्याकरण मात्र तिलाही बुडवते. मराठी लिहिणाऱ्याला इथे चिन्ह पुरत नाही, वाक्य फिरवावे लागते : 'मॅग्नेशिअमची फीत घ्या, सोडिअम आणि पोटॅशिअम रॉकेलमधून काढून घ्या.' कृतींची वाक्ये लिहिताना असे फिरवणे मुलांना शिकवले पाहिजे. ललित उताऱ्यात ही वेळ क्वचित येते, कारण 'हिरवीगार झाडे, वेली आणि डोंगर' यात डोंगर हिरवा नसला तरी कोणी भाजत नाही. सोडिअम पाण्यात पडले तर भाजते.

पाठ्यपुस्तकांचा गद्य म्हणून विचार केला, तर धातुविज्ञानाच्या पाठात सगळ्यात राबवलेले चिन्ह कंस आहे. तन्यता लिहिले की कंस, वर्धनीयता लिहिले की कंस, निस्तापन, भर्जन, क्षरण, प्रत्येकापाठोपाठ कंसात इंग्रजी शब्द. हेतू चांगला असणार, पुढे अकरावीला मुलाला अडू नये म्हणून. वाचताना मात्र प्रत्येक मराठी शब्द जामीनदार बरोबर घेऊन आल्यासारखा वाटतो. एका परिच्छेदात असे पाच कंस आले की बाकीची चिन्हे ऐकूच येत नाहीत. 'तन्यता' म्हणजे तार काढता येण्याचा गुण, 'वर्धनीयता' म्हणजे ठोकून पत्रा करता येण्याचा. हे स्पष्टीकरण दोन स्वल्पविरामांत मराठीतच बसते आणि तांबटाच्या पोरालाही कळते. कंसाने शब्दाचे भाषांतर होते, समजूत वाढत नाही. परिभाषा अवघड असल्याची तक्रार मी याच पुस्तकांवर वाढलेल्यांकडून ऐकतो. मला ती पटत नाही. 'गंजणे' आणि 'क्षरण' यांतला फरक मला दहावीत इंग्रजीशिवाय कळला होता : गंजते ते लोखंड, क्षरण कशाचेही.

मी स्वतः आता रोज इंग्रजीत लिहितो. प्रोग्रॅममध्ये अर्धविराम चुकला तर यंत्र लगेच ओरडते, हा विनोद इतका जुना आहे की एकदाच करून सोडून देतो. माझे खरे दुखणे वेगळे आहे. माझी मामेबहीण आठवीत आहे, सेमी इंग्रजीत. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे ज्या वाक्यांवर माझा अर्धविराम तयार झाला ती वाक्ये तिच्या मराठीत येणारच नाहीत. तिच्या वाट्याला मराठीत पत्रलेखन, कथालेखन आणि गर्जणारे ढग. मराठी ज्या विषयात चूक ठरू शकते तो विषयच तिच्यापासून काढून घेतला आहे. ही तक्रार मी कोणाविरुद्ध करू हे मला कळत नाही, कारण सेमीला घाला हे मामाला सांगणाऱ्यांत मीही होतो.

दिवाळीत तिला म्हटले, धातूंबद्दल पाच ओळी मराठीत लिही. तिने लिहिले ते असे : 'मेटल्स हार्ड असतात पण सोडिअम सॉफ्ट असतो आणि मर्क्युरी लिक्विड असतो आणि ते शाइन करतात.' पूर्ण वाक्यात एकच टिंब, तेही सवयीने दिलेले. शाइन कोण करतात, असे विचारल्यावर ती थांबली. खरेच, त्या 'ते'ने कोणाला धरले आहे हे वाक्यावरून सांगता येत नव्हते. शब्दांवरून मी तिला टोकले नाही, फक्त चिन्हे घालायला सांगितली. तासभर आम्ही त्या एका ओळीवर बसलो. कठीण हा शब्द तिचा तिलाच आठवला. सोडिअमनंतर तिने स्वल्पविराम दिला, मग खोडून अर्धविराम केला. पाऱ्यापाशी पूर्णविराम देऊन वही मिटायला निघाली होती, तेव्हा मी तिला गॅलिअमबद्दल सांगितले.

तिने टिंब खोडले आणि विचारले, "दादा, तापमान पुण्याचं धरायचं की आजीच्या गावचं?"