गिटची नियमपुस्तिका आणि तिचा वाचक

संगणकाच्या व्यवसायात एकाच प्रणालीवर अनेक जण एकाच वेळी काम करीत असतात, आणि कोणी काय बदलले, केव्हा बदलले व का बदलले याचे बिनचूक दफ्तर ठेवण्यासाठी त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक आज गिट हेच साधन वापरतात. त्यामुळे या साधनाची अधिकृत नियमपुस्तिका ही मूठभर तज्ज्ञांची खासगी बाब राहिलेली नसून, कोणत्याही शास्त्रीय गद्याला लावावी ती कसोटी तिलाही लावणे आता अगत्याचे झाले आहे. असे परीक्षण करू जाता प्रथम हे नमूद केले पाहिजे की, मजकुराच्या बाबतीत ही पुस्तिका मुळीच दरिद्री नाही. दीडशेहून अधिक कमांडींची स्वतंत्र पाने, परिभाषेचा कोश, नवशिक्यांसाठी पाठ, रोजच्या कामाचा संक्षेप असा तिचा ऐसपैस विस्तार असून, तीतील एखादे विधान खोटे ठरण्याचे प्रसंग विरळाच. साधन आतून कसे चालते हे ती इत्थंभूत सांगते. पण काम अडलेला मनुष्य कोणता प्रश्न मनात घेऊन तिच्याकडे येतो, याचा विचार मात्र तिने फार काळ केलाच नाही.

या वैगुण्याचे मूळ गिटच्या जन्मातच आहे. लिनक्सच्या गाभ्याचे काम ज्या बिटकीपर नावाच्या साधनावर चाले, त्याची विनामूल्य वापराची सवलत 2005 साली काढून घेण्यात आली, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी अवघ्या काही दिवसांत गिट उभे केले. त्या आद्य रूपात सामान्य वापरकर्त्याच्या सोयीचा विचार नव्हता. फाइलींचा आशय साठवणारी आणि मागताच परत देणारी मूलभूत यंत्रणा तेवढी तयार झाली होती, व ती हाताळणारे लोक तिचे अंतरंग जाणणारेच होते. जुलैमध्ये देखभालीची सूत्रे जुनिओ हमानो यांच्याकडे आली आणि साधन झपाट्याने सर्वांच्या वापरायोग्य होऊ लागले. परंतु ज्याने कमांड रचली त्यानेच बहुतांशी तिचे पानही लिहावे, हा प्रघात कायम राहिला. या प्रघाताने पुस्तिकेला अचूकता मिळाली, आणि तिची दृष्टीही कर्त्याचीच राहिली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चेकआउट या कमांडीचे पान. एका ब्रँचवरून, म्हणजे कामाच्या एका स्वतंत्र धारेवरून, दुसऱ्या ब्रँचवर जाणे, आणि एखादी फाइल तिच्या पूर्वीच्या रूपात परत आणणे, अशी दोन अगदी निराळी कामे ही एकच कमांड करीत आली आहे. पहिल्या कामात ती दक्ष असते. कमिट न केलेले, म्हणजे गिटच्या दफ्तरात अद्याप न नोंदलेले, बदल पुसले जाण्याचा संभव दिसला की पुढे जाण्यास ती साफ नकार देते. दुसऱ्या कामात तिच्या ठिकाणी ही दक्षता नाही. सकाळपासून एखाद्या फाइलीत केलेले आणि अद्याप कोठेही न नोंदलेले काम ती कोणतीही पृच्छा न करता नाहीसे करते. नवख्या माणसास या कमांडीविषयी एकच गोष्ट सांगण्याची मुभा असेल, तर ती हीच सांगावी लागेल. अनेक वर्षे या पानाचा पहिला परिच्छेद सांगत मात्र असे की, या कमांडीने फाइली इंडेक्समधील अथवा निर्दिष्ट ट्रीमधील आवृत्तीशी जुळवून घेतल्या जातात, आणि फाइलीचा मार्ग दिलेला नसेल तर हेडही निर्दिष्ट ब्रँचकडे वळते. यातले अक्षरही असत्य नाही. या दोन्ही क्रिया अंतर्यामी एकाच यंत्रणेतून निघतात हे ज्याला आधीच अवगत आहे, त्याला हे विधान रेखीवसुद्धा वाटेल. परंतु त्याला हे पान उघडण्याची गरज नसते, आणि ज्याला उघडावे लागते त्याच्या हाती या विधानातून काहीच लागत नाही.

परिभाषेची अवस्थाही अशीच आहे. पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल जेथे जमा होतात, त्या एकाच जागेला इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावे कालक्रमाने चिकटली. आणि डिफ या कमांडीत कॅश्ड व स्टेज्ड हे पर्याय समानार्थी असले, तरी अप्लाय या कमांडीत कॅश्ड म्हटले तर केवळ ती जागा बदलते आणि इंडेक्स म्हटले तर तिच्याबरोबर प्रत्यक्ष फाइलीही बदलतात. रीबेस करताना, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा रचताना, बदलांचा कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे तर ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ दर्शविणाऱ्या पर्यायांचे अर्थ उलट होतात; स्वतःच्या हातचे काम ‘त्यांचे’ ठरते. पुस्तिका याचा खुलासा करते, सविस्तर आणि तर्कशुद्ध करते. पण हा खुलासा सविस्तर मिळतो तो चेकआउटच्या पानावर, पर्यायांच्या लांबलचक यादीच्या पोटात, आणि रीबेसमध्ये अडकलेल्या माणसाने तो तेथे जाऊन शोधावा अशी अपेक्षा धरणे हे वाचकावर अन्याय करणारे आहे.

माझ्या मते अशा पुस्तिकेचे प्रथम कर्तव्य वाचकाचे भय दूर करणे हे होय. गिट वापरणाऱ्याच्या मनात नेहमी वावरत असलेली धास्ती एकच असते, आपले काम गेले की काय. वस्तुस्थिती अशी आहे की, एकदा कमिट केलेले काम सहसा जात नाही; ब्रँच पुसली, रीबेस बिघडला, रीसेटने मागे गेले, तरी हेड, म्हणजे आपण सध्या कोठे आहोत ते दाखवणारी खूण, कोठे कोठे फिरले याची नोंद रिफ्लॉगमध्ये आपल्याच संगणकावर राहते, आणि कोणत्याही ब्रँचशी संबंध न उरलेली नोंददेखील सामान्य तरतुदीनुसार 30 दिवस, तर एरवीची 90 दिवस टिकते. उलट, जे कमिट झालेच नाही ते हार्ड रीसेटने गेले तर बहुधा कायमचे जाते. सगळ्या धास्तीला पुरून उरणारी ही माहिती पुस्तिकेत आहे. परंतु रिफ्लॉगचे एक पान, रीसेटचे दुसरे आणि मुदतींचा तपशील तिसरीकडेच, अशी ती विखुरलेली असून, संकटात सापडलेल्या मनुष्याच्या वाटेवर ती कोणी मांडून ठेवलेली नाही.

असे काम पुस्तिकेबाहेरच्या ग्रंथांनी केले. सबव्हर्जन या अशाच साधनासाठी 2004 साली त्याच्याच कर्त्यांपैकी काहींनी लिहिलेला ग्रंथ, आणि गिटसाठी स्कॉट चॅकन यांचा ‘प्रो गिट’, ज्याची पहिली आवृत्ती 2009 साली व बेन स्ट्रॉब यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली दुसरी 2014 साली निघाली, हे या विद्येतील आदर्श होत. ‘प्रो गिट’मधील रीसेटवरचे विवेचन तीन अवस्थांची आकृती पुढे ठेवून कमांडीचा प्रत्येक प्रकार त्यांतील कोणत्या अवस्थेपर्यंत पोचतो ते दाखवते, आणि अधिकृत पानावरील कोष्टकांना जे साधले नाही ते साधते.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. सँटियागो पेरेझ डी रोसो आणि डॅनियल जॅक्सन या एमआयटीतील संशोधकांनी 2013 साली असे प्रतिपादन केले की, गिटची दुर्बोधता त्याच्या मूळ संकल्पनांच्या रचनेतच आहे. तसे असेल तर गद्य सुधारून काय साधणार? आक्षेप वजनदार आहे, आणि अंशतः खराही आहे. परंतु चेकआउटचीच पुढची हकीकत पाहिली असता दिसते की, जी कमांड एका सरळ वाक्यात सांगता येत नाही तिची रचनाच कधी ना कधी तपासावी लागते; म्हणजे गद्याची अडचणच रचनेतला दोष उघड करते. ऑगस्ट 2019 मधील 2.23 या आवृत्तीत तिच्या दोन कामांसाठी स्विच आणि रिस्टोअर या दोन कमांडी आल्या, आणि निवडलेला बदल मागे घेण्यासाठी स्टेटसच्या पडद्यावर जो रीसेटचा सल्ला येई, त्याच्या जागी रिस्टोअरचा उल्लेख आला. पडद्यावरची ती एक ओळ पुस्तिकेच्या कित्येक पानांहून अधिक वाचली जाते, हे लेखकांनी ध्यानात ठेवावे.

अलीकडे 2025 साली ज्यूलिया इव्हान्स यांनी याच अधिकृत पानांच्या सुधारणेचे काम हाती घेतले, ही मला या क्षेत्रातील सर्वांत आशादायक घटना वाटते. त्यांनी प्रचलित पाने वापरकर्त्यांस वाचावयास दिली, कोणते वाक्य कळले नाही ते त्यांच्याकडूनच जाणून घेतले, आणि मग नवा मजकूर सादर केला. चेकआउटचे पान आता आरंभीच सांगते की या कमांडीची मुख्य कामे दोन आहेत. गिटच्या अंतर्गत रचनेची ओळख करून देणारे स्वतंत्र पानही या प्रयत्नातून निर्माण झाले. मजकुराची शहानिशा जाणकारांकडून होतच असे. अजाणाकडून ती करून घेण्याची ही रीत यापुढे कायमची व्हावी.

गिटची पुस्तिका त्याच्या संहितेबरोबर एकाच रिपॉझिटरीत नांदते आणि तिच्यातील दुरुस्ती कोणालाही पॅच म्हणून दाखल करता येते. पुण्यामुंबईच्या कार्यालयांत याच आठवड्यात गिट शिकू लागलेल्या तरुणांना माझे सांगणे आहे की, एखादे पान वाचताना जेथे अडलात ते वाक्य त्याच दिवशी टिपून ठेवा. महिन्याभराने ते तुम्हाला सोपे वाटू लागेल, आणि मग त्यातला दोष तुम्हालाही दिसणार नाही.