भावगीत कुणाच्या भावाचे?

आवडते गाणे कोणते, हा प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी आहे. तो रुचीचा प्रश्न म्हणून विचारला जातो आणि रुची ज्याची त्याची, असे म्हणून सोडूनही दिला जातो. परंतु कोणी काय ल्यावे, कोणत्या विहिरीवर जावे, कोणत्या रस्त्याने चालावे हे ज्या समाजात जन्माने ठरत होते, त्या समाजात कोणाला कोणते गाणे आवडते ही निव्वळ कानाची बाब असू शकत नाही. दलित कवितेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. ‘गोलपिठा’ (१९७२) आला, ‘बलुतं’ (१९७८) आले, आणि प्रस्थापित समीक्षेला आपले निकष पुन्हा तपासणे भाग पडले. गाण्याच्या बाबतीत मात्र आपल्याच समीक्षेने हात आखडता घेतला. भीमगीताला चळवळीचे साधन म्हणून आपण हार घातले. साहित्यकृती म्हणून त्याच्याशी भांडलो नाही. ज्याच्याशी आपण भांडत नाही त्याला आपण बरोबरीचे मानलेले नसते.

मी राजापेठेत राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. माझ्या वर्गात दर्यापूर, अंजनगाव, नांदगाव खंडेश्वरकडची मुलेमुली असतात. पुष्कळांचे आईबाप दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापूसवेचणी करणारे. ‘माझे आवडते गीत’ असा निबंध मी त्यांना देतो. बहुतेकांच्या वहीत पाठ्यपुस्तकातले किंवा रेडिओवरचे एखादे भावगीत येते. मोबाइलमध्ये वेगळीच गाणी असतात. एका विद्यार्थ्याने सरळच विचारले, “सर, भीमगीत लिहिलं तर मार्क भेटतीन का?” हा प्रश्न गुणांचा नाही. कोणती आवड कागदावर आणण्याजोगी आणि कोणती घरी ठेवण्याजोगी, ह्याचे शिक्षण त्याला कोणीही न शिकवता मिळालेले आहे. हे शिक्षण कसे मिळते, त्याचा शोध घेणे मला समीक्षेचे काम वाटते.

भावगीत म्हणजे कवीच्या व्यक्तिगत, उत्कट भावनेचा गेय आविष्कार, अशी व्याख्या आम्ही वर्गात सांगतो. ह्या व्याख्येतला ‘मी’ बहुधा एकटा असतो. त्याला अंगण असते, चांदणे असते, आणि मुख्य म्हणजे सवड असते. (आमच्या वऱ्हाडात ‘भाव’ म्हटले की आधी कापसाचा आठवतो, ही गोष्ट वेगळी.) हा एकटा ‘मी’ खोटा आहे असे मी म्हणत नाही. शांता शेळक्यांची गाणी मलाही ओढ लावतात. परंतु एका वर्गाच्या घरातली भावना ‘मराठी मनाची भावना’ ह्या नावाने सर्वांच्या माथी बसते, तेव्हा त्या घराबाहेरच्यांना आपली भावना ही भावनाच नसून ‘प्रचार’ आहे, असे वाटू लागते.

एक उदाहरण घेऊ. १९५५-५६ ह्या वर्षात पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत. शब्दांची सहजता आणि चालींची योजना ह्या दोन्ही दृष्टींनी ती असामान्य निर्मिती आहे. ते नाकारण्यात मला स्वारस्य नाही. ‘घराघरांत पोचलेले गाणे’ असे तिचे वर्णन आजही होते. पण त्या काळी रेडिओ कोणत्या घरांत होता, हा प्रश्न त्या वर्णनात नसतो. आणि प्रसारण संपले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो माणसांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतली दुसरी प्रतिज्ञा राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. एकाच भाषेत, एकाच वर्षात, एका महाराष्ट्राच्या ओठांवर रामकथा ताजी होत होती आणि दुसरा महाराष्ट्र ती कथा ओठांवरून उतरवून ठेवत होता. ह्या दुसऱ्या महाराष्ट्राने मग रिकाम्या ओठांनी काय केले, ह्याची नोंद ‘मराठी सुगम संगीत’ ह्या नावाखाली होत नाही.

रिकाम्या ओठांनी काय केले, ते माझ्या आजीकडे पाहून मला सांगता येते. तिने रूप टाकले नाही, त्यातला माणूस बदलला. ज्या पाळण्यात पूर्वी राम आणि कृष्ण निजत त्या पाळण्यात भीम निजला; जात्यावरच्या ओवीत देवाच्या जागी बाबासाहेब आले आणि तेही देव म्हणून नव्हे, तर भाऊ म्हणून, माहेरचा माणूस म्हणून. हे केवळ आमच्या घरात झाले असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ज्या बाईला माहेरचे सांगायला दुसरे कोणी नव्हते, तिने ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाला माहेर केले. ह्याहून ‘व्यक्तिगत’ आणि ‘उत्कट’ ते काय असते? माझी माय निरक्षर आहे. अशी एखादी ओवी लागली की ती म्हणते, “हे गानं आपल्या घरातलं हाये.” चांगल्या भावगीताची ह्यापेक्षा नेमकी कसोटी मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही.

आता चालीचा मुद्दा. भीमगीतांवर नेहमीचा आक्षेप असा की चाली सिनेमातून उचललेल्या असतात. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) मराठी नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर कंसात ‘चाल’ दिलेली असते: अमुक कानडी पदाप्रमाणे, अमुक लावणीप्रमाणे. चौदा एप्रिलला फुटपाथवर मिळणाऱ्या भीमगीतांच्या पुस्तिकांतही गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असते. पहिल्या ठिकाणी तिला परंपरा म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी उचलेगिरी. हा न्याय संगीताचा नव्हे.

शिवाय उधार चालीचे एक काम असते, ते आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. श्रोत्याला चाल आधीच पाठ असते. ती शिकण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही. सगळे लक्ष शब्दाकडे मोकळे राहते. ज्या वस्तीत छापलेला कागद वाचणारा एखादाच होता, तिथे एकदा ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी दहा तोंडी जायचे ते ह्यामुळे. दुसरे असे की ओळखीच्या चालीवर अनोळखी शब्द आला की कान चमकतो. जिथे प्रियकराची विनवणी यायची सवय, तिथे पाण्याच्या हक्काची गोष्ट येते. ही गंमत नव्हे, हा ताबा आहे.

वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हे सामर्थ्य पुरते ओळखले होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करताना प्रौढ वयात अक्षरे शिकला, १९४३ पासून गाणी लिहू लागला आणि आयुष्यभर गावोगाव गात फिरला. त्यांचे मला सर्वांत आवडणारे गाणे म्हणजे टाटा-बिर्लांची नावे घेऊन आपला वाटा मागणारे. ते मला का आवडते, ह्याचे उत्तर ‘त्यात समतेचा विचार आहे’ असे देऊन चालणार नाही. समतेचा विचार ठरावांतही असतो, आणि ठराव कोणी गुणगुणत नाही. ह्या गाण्याची सगळी करामत यमकात आहे. ‘टाटा’ ह्या नावाचा नाद ‘वाटा’ ह्या शब्दाला जाऊन मिळतो, आणि एकदा मिळाला की पुन्हा सुटा करता येत नाही. त्यानंतर ते नाव ट्रकच्या मागे दिसले तरी मागणी आठवते. अलंकार म्हणून शिकवले जाणारे यमक इथे युक्तिवाद करते. वर्गात मी यमकाचे उदाहरण म्हणून हेच देतो. फळ्यावर दोन शब्द लिहिले की पुढचे समजावावे लागत नाही.

हे गाणे प्रश्नांनी बांधलेले आहे, हेही महत्त्वाचे. वऱ्हाडच्या श्रोत्याला प्रश्नाचे वळण नवे नाही. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. बाबा विचारत आणि समोरचा जमाव एका तोंडाने उत्तर देई. उत्तर देण्याची सवय लागलेला हा कान आहे. त्याला वामनदादांनी असा प्रश्न दिला की ज्याचे उत्तर जमावाने द्यायचे नाही, दुसऱ्याच कोणी द्यायचे आहे. ते अजून आलेले नाही, म्हणून गाणे जुने होत नाही.

अण्णाभाऊ साठे यांच्या मैनेच्या छक्कडीबद्दल थोडक्यात. पोटासाठी मुंबईत आलेला गडी आणि गावी मागे राहिलेली त्याची बायको. तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाचे तिचे रडणे ह्यांत अर्धे गाणे जाते. मग मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी येते. आणि बघता बघता ती विरहिणी बेळगाव, कारवार, निपाणी होते, तुटून राहिलेला मुलूख होते. हा सांधा कोठे बसला ते कितीही वेळा ऐकून सापडत नाही. व्यक्तिगत भाव वेगळा आणि सामाजिक आशय वेगळा, अशी दोन डबे असलेली समीक्षा ह्या गाण्यापाशी येऊन थांबते. अकोल्याच्या सावतराम मिलकडे किंवा बडनेऱ्याच्या विजय मिलकडे गाव सोडून गेलेल्या माणसांना मात्र ते दोन डबे कधी दिसले नसावेत.

सर्वांत अवघड गाणे माझ्याच शहराचे आहे. सुरेश भट (१९३२–२००३) अमरावतीचे. ‘एल्गार’ (१९८३) लिहिणारा हा गझलकार जन्माने सवर्ण. त्यांनी भीमवंदना लिहिली, आणि पुढे बौद्ध धम्म स्वीकारला. ती वंदना विदर्भातल्या जयंतीच्या मंचांवर इतकी रुळली आहे की ती कोणी लिहिली, हे गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. एखाद्या कवीला ह्याहून मोठा मान मिळत नाही. ती सुरू झाली की मीही उभा राहतो, आणि घसा दाटतो. तरीही समीक्षक म्हणून एक प्रश्न विचारावाच लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. मग वंदनेचे काय करायचे?

माझे उत्तर राजापेठेतूनच सुरू होते. इथून अंबादेवीचे देऊळ फार दूर नाही. १९२७ साली त्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत लढा उभा राहिला, आणि त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. ज्यांना हात जोडायलाही दारात उभे करत नव्हते, त्यांच्या नातवंडांना हात जोडण्यासाठी स्वतःची जागा, स्वतःची चाल आणि स्वतःचा माणूस मिळाला, हा वंदनेचा अर्थ आहे. तो मला मान्य आहे. परंतु वंदना हे गाण्याच्या रात्रीचे पहिले गाणे असावे. जलशात तसेच होते. भीमराव कर्डकांच्या पिढीने १९३० च्या दशकात जलसे उभे केले, तेव्हा आरंभी वंदन आणि नंतर वग, सवाल, हिशेब असा क्रम होता. आज पुष्कळ ठिकाणी वंदनच रात्रभर चालते. नव्या गीतांत बाबासाहेबांच्या सुटाबुटाचे, गाडीचे, दराऱ्याचे वर्णन असते. ‘जातिभेद निर्मूलन’ लिहिणारा माणूस त्यांत शोधावा लागतो. अशा गाण्यांवर मुले नाचतात ह्याला माझी हरकत नाही. शतके मान खाली घालून चाललेल्यांना एक दिवस रस्त्याच्या मधोमध नाचू द्या. (प्रल्हाद शिंद्यांची भीमगीते लागली की आवाज कमी करायला सांगणारी मंडळी आषाढीला त्याच गळ्यातली पंढरीची गाणी मोठ्याने लावतात, हेही पाहून ठेवावे.)

हरकत आहे ती कापाकापीला. चौदा एप्रिलला इर्विन चौकात पुतळ्याभोवती गर्दी मावत नाही, आणि डीजेच्या भिंती लागलेल्या असतात. त्या भिंतींतून जुनीच गाणी येतात, पण धृपदापुरती. धृपद, ठोके, पुन्हा धृपद. वामनदादांचा प्रश्न धृपदात असतो, आणि त्या प्रश्नामागचा हिशेब कडव्यांत असतो: कोणी राबले, कोणी साठवले, कोणाच्या वाट्याला काय आले. कडवी गेली की उरतो तो जयघोष. गेल्या जयंतीला मायला घेऊन गेलो होतो. पाचव्यांदा तेच धृपद आले तेव्हा ती कानाशी येऊन ओरडून म्हणाली, “बाकीचं गानं कुठं गेलं रे?”

चौकाच्या कडेला ताडपत्री अंथरून पुस्तिका विकणारा बसला होता. दोन घेतल्या. कागद हलका, छपाई पुसट, शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. पण कडवी सगळी होती, आणि प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर चाल लिहिलेली होती. एक मी वर्गासाठी ठेवली. दुसरी मायच्या पिशवीत आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून रात्री नातीकडून एकेक कडवे वाचून घेते आणि चुकले की तिला थांबवते.