पन्नास पंडितांना हरवणारी गप्प का?

आज एका खिडकीबद्दल बोलतो. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॅथीड्रलमधली, रंगीत काचेची, संत कॅथरीनची. चित्ररचना एडवर्ड बर्न-जोन्सची, काम विल्यम मॉरिसच्या कंपनीचं, साल १८७८.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचं कॅथरीनशी जुनं नातं आहे. आख्यायिका अशी, की चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात रोमन सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बसवले. अठरा वर्षांच्या मुलीने सगळ्यांना निरुत्तर केलं. पुढे तिचा शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला. गंमत पाहा, तत्त्वज्ञांनी आपली संत म्हणून मानली ती तत्त्वज्ञांना हरवणारीलाच!

आता खिडकीत ही वादपटू कुठे आहे? आहे, पण तळाच्या एका छोट्या चौकटीत. वर मोठ्या आकारात जी उभी आहे, ती शांत, स्वतःत हरवलेली. बर्न-जोन्सला प्रसंग रंगवता येत नव्हते असं नाही. याच कॅथीड्रलमधली त्याची १८५९ची संत फ्रिडस्वाइडची खिडकी प्रसंगांनी गच्च भरलेली आहे. म्हणजे इथली शांतता त्याने निवडलेली आहे.

का निवडली? कारण चेहरा ईडिथ लिडेलचा आहे. ख्राइस्ट चर्चचे डीन आणि ग्रीक कोशकार हेन्री लिडेल यांची ही मुलगी. लुईस कॅरॉलच्या ॲलिसची बहीण. लग्न ठरलेलं असताना १८७६ साली, बाविसाव्या वर्षी, ती आजाराने गेली. खिडकी तिच्या स्मरणार्थ आहे.

कोणी विचारेल, आजाराने गेलेल्या मुलीला हुतात्म्याच्या जागी उभं करणं खोटं नाही का? मला तसं वाटत नाही. तळाच्याच दुसऱ्या चौकटीत देवदूत कॅथरीनचं दफन करताहेत. खिडकी ईडिथच्या पराक्रमाचा दावा करत नाही; तिला कोणीतरी जपून नेलं असावं, एवढी आस धरते. शोकाला एवढा हक्क आहे.

पण माझी तक्रार मी मागे घेत नाही. शोकासाठी का होईना, जिची सारी कीर्ती बोलण्यावर उभी, ती इथे सुंदर आणि गप्प झाली. ईडिथला न्याय मिळाला, कॅथरीनला अर्धाच. म्हणून कधी तिथे गेलात, तर वरचा चेहरा पाहून लगेच फिरू नका. खाली वाका, वादाची ती चौकट पाहा. कॅथरीन तिथे बोलते आहे.