आकाशरेषेवरची ओसरी

मुंबईच्या उंच इमारतींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक सूर जाहिरातदाराचा : मजल्यांची संख्या सांगायची, समुद्राचे दर्शन विकायचे, आणि शहर आता जगातल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसले म्हणून पाठ थोपटायची. दुसरा सूर खंतावलेल्याचा : कौलारू घरे गेली, चिंचा-आंबे गेले, माणुसकी गेली. आपल्या वर्तुळात ह्या दुसऱ्या सुराला बाबेलच्या बुरुजाचा दाखला हमखास जोडला जातो. आम्हांला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. बाबेलचा दाखला तर आम्ही ह्या विषयात मुळीच वापरू नये असे म्हणू, कारण तो देऊन टाकला की इमारतीकडे पाहण्याची गरजच उरत नाही. उंची हेच पाप ठरवले की कोणती उंच इमारत चांगली आणि कोणती वाईट, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण आपणहून सोडून देतो. आणि तोच प्रश्न तर विचारायचा आहे.

उंचीचे म्हणाल तर ह्या शहराला तिचे वावडे कधीच नव्हते. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा निमुळता मनोरा १९८ फूट उंच. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला तो २८० फुटांचा, म्हणजे सुमारे ८५ मीटर. ह्या उंच्या कोणाच्या राहण्यासाठी नव्हत्या. एक मनोरा युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा, दुसरा वेळ सांगणारा. भोवतालची घरे मात्र दोन-चार मजल्यांवर समाधानी होती. पुढे १९३० आणि १९४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हवर राहत्या इमारतींची रांग उठली, तीही एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, एका उंचीत. ओव्हल मैदानाभोवतीच्या जुन्या इमारतींसह त्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९७० च्या दशकाच्या आरंभी नरिमन पॉइंटला कचेऱ्यांचे मनोरे आले. त्यांविषयी आम्हांला फारसे सांगायचे नाही. कचेरीत माणूस आठ तास असतो, घरात आयुष्य काढतो. आमचा प्रश्न घराचा आहे.

गिरगावातली खोताची वाडी किंवा माझगावची माथारपाखाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ईस्ट इंडियन घराची बांधणी वेगळी सांगायला नको. दर्शनी भागाला लाकडी कठड्याची ओसरी, बाहेरून वर चढणारा जिना, उतरते कौलारू छप्पर. ओसरी ही केवळ बसायची जागा नव्हती. ती ऊन आणि खोली ह्यांच्यामधली पडवी होती. पश्चिमेचे ऊन आणि आषाढातली झड आधी ओसरी झेलायची आणि मग उरलेला गारवा, उरलेला उजेड आत जायचा. शिवाय ओसरीवर बसलेल्याला रस्त्यावरचा माणूस हाक मारू शकत असे. घर आणि गल्ली ह्यांच्यातला तो एक अलिखित करार होता. रोझरीची माळ संपल्यावर म्हाताऱ्या माणसांची बैठक तिथेच रंगायची, हे आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल.

ह्या ओसरीला ८४ मीटर उंच नेता येईल काय? हा प्रश्न ज्याला पडला तो वास्तुशिल्पी म्हणजे चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५). मूळ गोव्याच्या घराण्यातले, जन्म सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. ते आपल्या समाजातले म्हणून आम्ही त्यांची आरती ओवाळत आहोत असे कोणी समजू नये. त्यांच्या कामातले उणे आम्ही पुढे मांडणारच आहोत. परंतु कंबाला हिलवरील त्यांची 'कांचनजंगा' ही १९८३ साली पुरी झालेली इमारत मुंबईच्या निवासी मनोऱ्यांमध्ये आजही वेगळी उभी आहे, आणि ती का वेगळी आहे हे समजून घेतल्याखेरीज नंतरच्या मनोऱ्यांचे मोजमाप करता येत नाही.

मुंबईतील उंच घराची अडचण अशी, की समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, उत्तम देखावाही पश्चिमेस समुद्राचा आणि पूर्वेस बंदराचा. पण दुपारनंतरचे भाजणारे ऊनही पश्चिमेचेच, आणि पावसाची झडही तिकडचीच. ज्या दिशेला खिडकी हवी त्याच दिशेपासून भिंतीने रक्षण करायला हवे. सामान्य वास्तुशिल्पी ह्यातली एक बाजू निवडतो. कोरियांनी जुन्या बंगल्याकडे पाहिले. तिथे राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचे कडे असते. मनोऱ्यात हे कडे चोहोबाजूंनी फिरवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी इमारतीचे कोपरे कोरून काढले आणि प्रत्येक घराला दोन मजले उंचीची एक बागेची गच्ची दिली. २१ मीटर लांबी-रुंदीचा चौरस, उंची त्याच्या चौपट. आत ३२ घरे, तीन शयनगृहांपासून सहा शयनगृहांपर्यंतची, एकमेकांत जिगसॉच्या तुकड्यांप्रमाणे अडकवलेली. बाहेरून पाहिले तर एक साधा पांढरा ठोकळा आणि त्याच्या कोपऱ्यांत रंगीत खोबण्या. ह्या खोबण्या म्हणजेच ओसऱ्या. दुपारचे ऊन त्यांच्या तोंडाशी अडते, वारा मात्र घरातून आरपार जातो.

इथे एक गमतीची गोष्ट आमच्या ध्यानात आली. राजाबाई टॉवर ८५ मीटर, कांचनजंगा ८४ मीटर. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने बांधलेल्या ह्या दोन वास्तू जवळजवळ एकाच उंचीच्या आहेत. ज्या उंचीवर एकेकाळी केवळ घड्याळ आणि घंटा असत, त्या उंचीवर कोरियांनी माणसाला झाडाच्या कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसवले. आज शहरात तीनशे मीटरच्या घरात पोहोचलेले निवासी मनोरे आहेत. साडेतीनपट उंची. त्यांत बसण्याजोगी ओसरी किती ठिकाणी सापडते?

मात्र कांचनजंगाचे उणे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ती श्रीमंतांची इमारत आहे. ओसरीचा अर्धा अर्थ, म्हणजे ऊन-पाऊस अडवण्याचा, तिने वर नेला. उरलेला अर्धा, म्हणजे गल्लीतल्या माणसाने हाक मारण्याचा, तिला नेता आला नाही, आणि तो कोणालाच नेता आला नसता. त्या गच्चीवरून समुद्र दिसतो, शेजारी दिसत नाही. कोरियांना ह्याची जाणीव होती असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. बहुसंख्यांच्या घरांसाठी त्यांनी मनोऱ्यांची शिफारस केली नाही. जवळजवळ त्याच काळात नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी बुटकी, दाटीची, परंतु प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचे आकाश असलेली वसाहत रचली. सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण, आणि भिंत कोणाचीही सामाईक नाही, जेणेकरून प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे.

आता कांचनजंगानंतरच्या आकाशरेषेकडे वळू. आमचे स्पष्ट मत असे, की ही आकाशरेषा वास्तुशिल्पींनी रेखाटलेली नाही, ती नियमावलीने रेखाटली आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला आपण सारे एफएसआय म्हणतो, तो मुंबईत १९६४ साली आला. भूखंडाच्या किती पट बांधायचे, एवढेच तो सांगतो. कसे बांधायचे हे त्याला विचारता येत नाही. १९९१ च्या नियमावलीत सज्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत ह्या मोजणीतून सूट होती आणि पैसे भरून तोच सज्जा बंद करून खोलीत घेण्याची मुभाही होती. परिणाम काय झाला तो प्रत्येक उपनगरातल्या प्रत्येक इमारतीवर दिसतो : सज्जा नावापुरता आला आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी लगेच गिळला गेला. ओसरी कायद्याने दिली आणि कायद्यानेच परत घेतली. २०१२ साली नियम बदलले, सज्जे आणि फुलझाडांच्या पट्ट्या मोजणीत आल्या, आणि त्या बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के जादा क्षेत्र अधिमूल्य भरून देऊ करण्यात आले. मोजणीत यायचेच असेल तर ओसरी कशाला, खोलीच काढू, असा हिशेब बांधणाऱ्याने केला तर त्याला दोष कसा द्यावा? गणितच तसे मांडलेले आहे.

ह्या गणिताचा दुसरा परिणाम पायथ्याशी दिसतो. नव्या मनोऱ्याचे खालचे सहा-आठ मजले अनेकदा मोटारींसाठी असतात. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला ना दुकान दिसते, ना दार, ना खिडकी. दिसते ती जाळी बसवलेली लांबच लांब भिंत. वरची काच समुद्राकडे पाहते, खालची भिंत आपल्याकडे पाठ करते. इमारतीचे सौंदर्य तिच्या शिखरावर शोधायची सवय आपल्याला छायाचित्रांनी लावली आहे. खरी परीक्षा मात्र पहिल्या वीस फुटांची असते, कारण शहरातले बहुतेक लोक इमारतीचा तेवढाच भाग वापरतात.

सर्वांत मोठी संधी गिरणगावात गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची वेळ आली. १९९१ च्या नियमात ह्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ साली राज्य सरकारने ह्या जमिनींच्या विचारासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कोरियाच होते. गिरण्यांचे तुकडे सुटे सुटे न पाहता एकत्र नियोजन करावे, म्हणजे रस्ते, मैदाने आणि घरे ह्यांना सलग आकार येईल, अशी त्यामागची दृष्टी होती. ते घडले नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ रिकाम्या जमिनीला लागू झाली, बांधकामाखालच्या जमिनीला नाही. उच्च न्यायालयाने २००५ साली वेगळा अर्थ लावला, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीची बाजू उचलून धरली. लोअर परळच्या आजच्या आकाशरेषेत जी विसंगती डोळ्यांना खुपते, म्हणजे प्रचंड मनोरे आणि त्यांच्यामध्ये गिरणीच्या काळातलेच अरुंद रस्ते, तिचे मूळ येथे आहे. मनोरे कुरूप आहेत की सुंदर हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. उत्तम वास्तुशिल्पींनी बांधलेले मनोरेही तेथे आहेत. पण चुकीच्या वाक्यात बसवलेला चांगला शब्द वाक्य सुधारत नाही.

आणि ज्यांना शहराने आपल्या मध्यातून हलवले त्यांच्या इमारती कशा आहेत? आकाशरेषेची छायाचित्रे तिकडे जात नाहीत. रस्ते आणि रेल्वे ह्यांच्या रुंदीकरणात विस्थापित झालेल्यांसाठी गोवंडी-मानखुर्द परिसरात उभारलेल्या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर ठेवले गेले. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि मुंबईच्या आयआयटीचे संशोधक ह्यांनी अशा तीन वसाहतींचा केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उजेड आणि वारा ह्यांचा अभाव व क्षयरोगाचे प्रमाण ह्यांचा संबंध त्यात दाखवलेला आहे. इमारतींची रचना आणि त्यांतील अंतर हा येथे रुचीचा विषय उरत नाही, तो फुप्फुसांचा विषय होतो. कंबाला हिलवर वाऱ्यासाठी कोपरा कोरला गेला आणि गोवंडीत वाऱ्याची वाटच बुजवली गेली, हे एकाच शहराने एकाच पिढीत केले आहे. टीकाकाराने दोन्ही इमारती शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, एरवी कांचनजंगाची स्तुती ही केवळ रसिकांची चैन ठरेल.

वारा केवळ श्रीमंतांना परवडतो असे मात्र नाही. त्याचा पुरावाही कोरियांचाच, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. दादरच्या गोखले रोडवरील आपले साल्व्हेशन चर्च, ज्याला सारी मुंबई पोर्तुगीज चर्च म्हणते, त्याची सध्याची वास्तू त्यांनी १९७० च्या दशकात रचली. मूळ स्थापना १५९६ ची मानली जाते. नव्या वास्तूत त्यांनी उंच मनोऱ्याची हौस केली नाही. काही जागा छपराखाली, काही आकाशाखाली, एकीतून दुसरीत जाता यावे अशी गुंफण केली, आणि छपरांना काँक्रीटच्या उंच शंकूंचा आकार दिला, ज्यातून तापलेली हवा वर निघून जाते. तत्त्व कांचनजंगाचेच, पण येथे त्याला समुद्राच्या देखाव्याची गरज नाही आणि येथे जो कोणी येईल त्याला ते लाभते. प्रार्थनामंदिर म्हणून ते सर्वांना रुचते असे नाही. गॉथिक कमानींची आणि रंगीत काचांची सवय असलेल्या डोळ्यांना ती छपरे परकी वाटतात, आणि तो आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण जमिनीवर बसलेल्या माणसापर्यंत वारा पोहोचवणे ह्या कसोटीला ती वास्तू उतरते.

हे सारे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांशी अगदी प्रत्यक्ष निगडित आहे. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत कितीतरी जुन्या सोसायट्या आणि गावठाणांतली घरे आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. सभेत चर्चा चालते ती जादा क्षेत्र किती, कॉर्पस किती आणि भाडे किती ह्यांची. चर्चा योग्यच आहे, पोटापाण्याची आहे. परंतु नकाशावर आणखी दोन आकडे असतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवायला कोणाला पैसे पडत नाहीत. शेजारच्या भिंतीपासून खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत मोकळे अंतर किती मीटर? आणि रस्त्याच्या बाजूला पहिल्या वीस फुटांत काय आहे, दार की भिंत?