झीरो माइल स्तंभ, नागपूर

झीरो माइल स्तंभ : नागपूर येथील सीताबर्डी भागात, विधान भवनाच्या परिसरात असलेला वालुकाश्माचा स्तंभ व त्यालगतचा शिल्पसमूह. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कार्यात १९०७ मध्ये त्याची उभारणी झाली. स्तंभावर जबलपूर १७० मैल, रायपूर १७४ मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरे कोरलेली आहेत. शेजारचा लहान दगड हे सर्वेक्षणाचे प्रमाण उंचीचिन्ह असून, सरासरी समुद्रसपाटीपासून त्याची नोंदलेली उंची १,०२०.१७१ फूट (सु. ३१०.९५ मी.) आहे.

हा बिंदू भारताचा मध्य असून देशातील सर्व अंतरे येथून मोजली जात, अशी लोकसमजूत आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. सर्वेक्षणाच्या गणिताचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील सिरोंजजवळील कल्याणपूर हा होता. नागपूरच्या दगडाचे मोल निराळे आहे. किनाऱ्यावरील नऊ केंद्रांत भरती-ओहोटीची निरीक्षणे करून ठरविलेली समुद्राची पातळी टप्प्याटप्प्याने मोजीत देशाच्या अंतर्भागात आणली गेली. तिची नोंद या दगडावर आहे. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. रंगाचा एक थर चढला, तरी ही सूक्ष्मता निरर्थक ठरते.

शिल्प म्हणून पाहता स्तंभाची घडण साधी आहे. त्यावर अलंकरण असे नाही. कोरीव अक्षरे व अंक हाच त्याचा अलंकार होय. पुढे त्यालगत चुनेगच्चीचे चार घोडे बसविण्यात आले. पुढचे पाय उचललेल्या या घोड्यांत आवेश आहे व दुरून नजर वेधण्याचे सामर्थ्यही आहे. चौकाची ओळख त्यांनीच घडविली, हे मान्य करावे लागते. तथापि विषयाशी त्यांचा मेळ बसत नाही. उंचीचिन्हाचा सारा अर्थ त्याच्या अचलतेत असतो, तर घोडे धावण्याच्या पवित्र्यात आहेत. शिवाय सर्वेक्षणाचा इतिहास दौडीचा नसून साखळी, थिओडोलाइट व पायपीट यांचा आहे. त्याचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्टन हा नागपूरकडे येत असता १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला व तेथेच त्याची कबर आहे. या कष्टाचा मागमूस घोड्यांत नाही. त्यांच्या आकारमानामुळे मूळ दगड मात्र झाकोळतो व पाहणारा बहुधा तो न पाहताच परततो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या जवळच्या मेट्रो स्थानकालाही झीरो माइलचे नाव देण्यात आले आहे.