यादव ताम्रपटांतील राण्यांचीं माहेरें

सेउणदेशच्या यादवांची वंशावळ मांडतांना पुरुषांची मालिका तेवढी देण्याची आपल्याकडे चाल आहे. राणीचें नांव आलेंच तर तें कंसांत येतें. माहेर बहुधा गळतें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं आपल्या दख्खनच्या इतिहासांत हे संबंध नमूद केले असतांहि मागाहून तक्ते करणारांनीं ते सोडले, हें आम्हांस सदोष वाटतें. ताम्रपटकारानें तांब्यावर कोरलेलें आपण कागदावरून कां पुसावें?

दुसऱ्या भिल्लमाचा शके 922 (इ. स. 1000) चा ताम्रपट संगमनेरचा, तर तिसऱ्याचा शके 948 चा कळस बुद्रुकचा, दोन्ही स्थळें आमच्या कर्जतेच्याच जिल्ह्यांतील. दुसऱ्या भिल्लमाची राणी लच्छियव्वा ही झंझाची कन्या. हा झंझ ठाण्याच्या शिलाहारांपैकीं असावा असें भांडारकरांचें मत आहे. तिचें मातृकुल राष्ट्रकूटांचें. तिच्या नांवांत ‘लक्ष्मी’चें प्राकृत रूप ‘लच्छी’ असून त्यास कानडी ‘अव्वा’ हें आदरार्थी पद जोडलें आहे. एवढ्या एका नांवांत त्या काळच्या दरबारांतील भाषांचा संगम दिसतो.

येथें दुसऱ्या टोकाच्या चुकीपासूनहि सावध राहिलें पाहिजे. सोयरीक दिसली कीं राजकीय पक्ष ठरला, असें कित्येक मानतात. परंतु इ. स. 973 मध्यें राष्ट्रकूटांची सत्ता ज्या तैलपानें उलथिली, त्याच्याच बाजूनें लच्छियव्वेचा पति माळव्याच्या मुंजाशीं लढला. खुद्द तैलपाची राणी जाकव्वा हीहि राष्ट्रकूटकन्याच होती. तेव्हां सासुरवाडीवरून तरवारीची दिशा ठरत नाहीं, हें उघड आहे.

मग माहेर सांगण्याचें प्रयोजन काय? आमच्या मतें प्रतिष्ठा. राष्ट्रकूटांचें राज्य बुडून 96 वर्षें लोटल्यावर कोरलेल्या सेउणचंद्राच्या वसई येथील ताम्रपटांतहि (शके 991) लच्छियव्वेचें मातृकुल अभिमानानें सांगितलें आहे. सत्ता गेली तरी रक्ताचें मोल उरलें होतें. मांडलिक घराण्यास तें हवें होतें. पुढें तिसऱ्या भिल्लमानें चालुक्य जयसिंहाची कन्या, आहवमल्लाची भगिनी हम्मा ही वरिली, तेव्हां तर सार्वभौमाचेंच घर यादवांचें आजोळ झालें. फ्रँक लोकांतहि हाच न्याय दिसतो. टकल्या चार्ल्सची कन्या ज्यूडिथ हिनें इ. स. 862 च्या सुमारास बाल्डविन या सरदाराशीं पित्याच्या इच्छेविरुद्ध संबंध जोडला. परंतु पुढील फ्लांडर्सच्या सरदारांनीं तिच्याच द्वारें आपलें कुल शार्लमेनपर्यंत नेऊन भिडविलें.

प्रशस्तिकाराची स्तुति हा अलंकार होय; पित्याचें व कुलाचें नांव हा पुरावा होय. हा विवेक राखून पुढील प्रत्येक वंशावळींत राणीचें माहेर व मातृकुल यांसाठीं स्वतंत्र रकाने ठेवावे, अशी आमची अभ्यासकांस विनंती आहे. अर्धी वंशावळ ही अर्धाच इतिहास सांगते.