मंडळी आणि साक्ष : ‘स्मृतिचित्रे’कडे पाहण्याची एक वेगळी खिडकी

‘मंडळी’ हा शब्द मराठीत फार कामाचा आहे. कीर्तनकार समोर बसलेल्यांना मंडळी म्हणतो, यजमान पंगतीला मंडळी म्हणतो आणि एके काळी नवरा बायकोचे नाव घ्यायला नको म्हणून तिलाही ‘आमची मंडळी’ म्हणत असे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘चर्च’साठी हाच शब्द घेतला. त्यांनी ‘धर्मसभा’ किंवा ‘पीठ’ असा एखादा जड शब्द सर्वत्र बसवला असता, तर मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनातले चर्चचे चित्र वेगळे झाले असते, असे मला नेहमी वाटते. इमारत, घंटा, पाळक हे सारे नंतर येते. आधी येतात ती एकत्र बसलेली माणसे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. बाईंचा विनोद, त्यांची निर्मळ भाषा, विक्षिप्त नवऱ्याबरोबरचा संसार, अशिक्षित मुलीपासून लेखिकेपर्यंतचा प्रवास यांवर आपण भरभरून बोललो. पण या पुस्तकात एक मंडळी आहे आणि ती एका तुटलेल्या बाईला हळूहळू सावरते, याकडे समीक्षेने बघायचे तसे बघितलेले नाही. कारण उघड आहे. बहुसंख्य समीक्षक ख्रिस्ती नव्हते. त्यांना धर्मांतराचा विषय अवघड वाटला आणि त्यांनी तो ‘टिळकांचे धर्मांतर’ असा बाजूला काढून ठेवला. ख्रिस्ती वाचकांनी उलट टोक गाठले. त्यांनी हे पुस्तक श्रद्धेच्या विजयाची कथा म्हणून वाचले. दोन्ही वाचनांत पुस्तकाचा मधला भाग हातातून निसटतो.

हा मधला भाग म्हणजे काय? नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू मागे राहिले. पुढची काही वर्षे बाई नातेवाइकांच्या आश्रयाने काढतात. नवरा जिवंत आहे, पण त्याच्याकडे जाता येत नाही. सधवा म्हणावे तर घर नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. त्या काळच्या समाजाकडे अशा बाईसाठी शब्दच नव्हता. नातेवाईक दुष्ट नव्हते हे बाई प्रामाणिकपणे दाखवतात. बहीण आणि मेहुणे त्यांना सांभाळतात, जपतात. तरीही त्या काळात बाईंचे मन आणि शरीर दोन्ही खचतात. माया करणारी माणसे भोवती असूनही माणूस एकटा पडू शकतो. आपल्या दुःखाबद्दल बोलायची जागा ज्या घरात नसते, तिथे हेच होते. बाईंना ती जागा सापडली कवितेत. जेमतेम लिहिता येणारी ही बाई याच दिवसांत पद्ये रचू लागली, हे मला पुस्तकातले फार मोठे वळण वाटते.

पुढे त्या टिळकांकडे नगरला जातात, पण सोवळे घेऊनच. ज्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर हैराण होते, त्यांचीच ही लेक. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. इथे मंडळीचे वागणे पाहण्यासारखे आहे. भोवतीच्या ख्रिस्ती बायकांनी ‘आधी बाप्तिस्मा घ्या, मग आमच्यात बसा’ अशी अट घातल्याचे चित्र बाई काढत नाहीत. त्या नुसत्या तिथे असतात आणि येणेजाणे चालू राहते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न बाईंना कुणी प्रवचनात घातला नाही. तो त्यांचा त्यांनाच पडला, आणि विचार करून एकदा निर्णय झाल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. 1900 मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रसंगापेक्षा सोवळे सुटण्याच्या प्रसंगाला पुस्तकात अधिक जिवंत जागा मिळाली आहे. माझ्या मते हा पुस्तकाच्या रचनेचाच पुरावा आहे. बाईंच्या लेखी खरी घटना पाण्यात झाली नाही, ती पाण्याच्या भांड्याशी झाली.

मिशनरी परंपरेत धर्मांतराच्या कथेला एक ठरलेला आकार आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. प्रार्थनासभेत माणूस उभा राहतो आणि आधी मी कसा होतो, मग काय घडले, आता मी कसा आहे, हे सांगतो. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राच्या नावातच हा आकार आहे. आधी अंधार, मग उजाडणे. एकोणिसाव्या शतकातले हे पुस्तक माहितीच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्या काळच्या मुंबई-बेळगावच्या सुशिक्षित तरुणांची तगमग त्यात सापडते. पण उजाडल्यावर रात्रीकडे कसे पाहायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते, त्यामुळे रात्रीतले चांदणे त्याला दिसत नाही. लक्ष्मीबाईंना ते दिसते. माहेरचे सणवार, सासरची भांडणे, पंढरपूर, नाशिक यांपैकी काहीही त्या अंधार म्हणून टाकून देत नाहीत. त्यांच्या पुस्तकाचे नाव अनेकवचनी आहे. एक चित्र, मग दुसरे, मग तिसरे. त्यांतून एकच चढती रेघ ओढावी असा आग्रह नाही.

या आकाराचा प्रश्न केवळ साहित्यिक नाही. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सन नावाच्या माणसाने दारूचा शेवटचा प्याला घेतला. याला योगायोगापलीकडे काही म्हणायचे नाही, पण तो मला सोडवत नाही. विल्सन सावरला तो ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या आधाराने. फ्रँक बुकमन या लूथरन पाळकाने उभ्या केलेल्या या चळवळीत लहान गटांत बसून आपल्या चुका उघड सांगणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, शांत बसून मार्गदर्शन मागणे अशा रीती होत्या. न्यूयॉर्कमधले तिचे केंद्र होते सॅम शूमेकर यांचे कॅल्व्हरी चर्च. 1935 मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला विल्सन डॉ. बॉब स्मिथ यांना भेटला आणि त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची सुरुवात झाली. 1939 मध्ये त्यांचे त्याच नावाचे पुस्तक आले. त्यातल्या कहाण्यांचा आकारही साक्षीचाच आहे : तेव्हा, मग, आता.

पण या मंडळींनी दोन बदल केले आणि ते फार मोठे ठरले. पहिला, ते ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळे झाले. देवाबद्दल बोलताना ज्याला जसा समजेल तसा देव, अशी सवलत त्यांनी ठेवली. दुसरा, त्यांनी उंबरठा अगदी खाली आणला. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. सोडलेली असण्याचीही अट नाही. ऑक्सफर्ड ग्रुपला नामवंत माणसे पुढे करायची हौस होती, यांनी नाव लपवणे हाच नियम केला. आज जगभर या बैठका अनेकदा चर्चच्या तळघरात किंवा सभागृहात भरतात, पण चर्च फक्त जागा देते. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मुळे ही पद्धत मराठी वाचकांच्या ओळखीची झाली.

मी स्वतः अशा बैठकांना काही महिने गेले आहे. पिणाऱ्यांच्या नव्हे, त्यांच्या घरच्यांच्या. माझा धाकटा भाऊ तेव्हा सुधारत नव्हता. एका चर्चच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या थर्मासात चहा आणि आठदहा बायका. त्यांतली एक काकू दर आठवड्याला म्हणायची, ‘‘माझं काही नाही, मी नुसती बसते.’’ आणि बैठक चालवणारी ताई म्हणायची, ‘‘बसा की.’’ बऱ्याच आठवड्यांनी काकू बोलली. घरी काहीही बदललेले नव्हते. तिच्या कहाणीला ‘आता’ नव्हता. तरी ती पुढच्या आठवड्याला आली. साक्षीच्या ठरीव आकारात ही बाई बसत नाही, आणि आकार हीच प्रवेशाची अट असती तर तिला तिथे जागाच मिळाली नसती. यानंतर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना मला बाईंच्या न-निष्कर्षी लिहिण्याचे मोल अधिक कळले.

उंबरठ्याचा हा प्रश्न टिळकांनाही छळत होता. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या कवीला मंडळी हवी होती ती दिंडीसारखी. वाटेत कुणीही मिळावे अशी. मिशनच्या पगारावर चालणारी मंडळी मिशनचीच राहते, हे त्यांनी आतून पाहिले होते. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. आपले अभ्यासक त्याला कवीचे स्वप्न म्हणून दोन वाक्यांत उरकतात. मला तो प्रयोग म्हणून महत्त्वाचा वाटतो. मात्र एक फरक सांगायला हवा. दरबार टिळकांच्या तेजाभोवती उभा होता. ॲक्रनच्या बैठकीने माणूस मध्ये ठेवायचाच नाही असे ठरवले. एक विझला आणि दुसरी पसरली, त्याचे निदान एक कारण मला इथे दिसते.

पंडिता रमाबाईंची केडगावची ‘मुक्ती’ याहून निराळी. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुलीबायका आणल्या; 1900 च्या दुष्काळानंतर हा आकडा 2000 च्या आसपास गेला. तिथे आशा हा शब्द विणकाम, शेती, छापखाना, अंध मुलींचे वाचन असा रोजच्या घामात उतरला होता. 1905 च्या जागृतीत शेकडो मुली एकत्र रडत, पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या. याबद्दल लिहिणारे दोन तट करतात : एकाला तो चमत्कार, दुसऱ्याला सामूहिक उन्माद. दुष्काळात आईबाप डोळ्यांसमोर गेलेल्या मुलींना रडायला पहिल्यांदा परवानगी आणि सोबत मिळाली, या साध्या शक्यतेकडे दोघेही पाहत नाहीत. पण त्यांच्या रडण्यातली किती वाक्ये त्यांची होती आणि किती शिकवलेली, हे आज सांगता येत नाही, कारण ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाहीत.

आणि इथेच ‘स्मृतिचित्रे’च्या मर्यादेकडे यावे लागते. नगर भागातली बहुसंख्य मंडळी महार आणि मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाईंना ज्यांनी सामावून घेतले त्यांत ही माणसे होती, पण पुस्तकात बोलतात त्या लक्ष्मीबाई. सोवळे सोडणाऱ्या बाईचे मन आपल्याला कळते. जिच्या हातचे पाणी आता चालू लागले, तिला काय वाटले ते कळत नाही. तिने त्याआधी या बाईचे वेगळे भांडे पाहिलेले असणार. तरी ती आली, बसली, बोलली. बाई स्वतःवर हसतात, स्वतःच्या सोवळ्याची फजिती सांगतात, हे खरे. पण समोरच्याचा अपमान झाला असेल हा विचार त्या विनोदाच्या आड राहतो. मंडळीचा मोठेपणा कुणाच्या सोसण्यावर उभा होता, हे विचारल्याशिवाय या पुस्तकाचा गौरव पुरा होत नाही, असे मला वाटते.

त्या लोकांचे लिखाण अगदीच नाही असे नाही. ते आत्मचरित्रांत नाही, गाण्यांत आहे. नगरकडच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकापासून कीर्तने होत आली, भजने रचली गेली. टिळकांची गीते आजही मराठी उपासनेत गायली जातात. त्यांचे अर्धे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेताना लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घातली. ज्या बाईला अक्षरओळखीचीच मारामार होती तिने एवढे लिहावे याचे आपल्याला नवल वाटते. पण पोथी एकट्याने वाचायची नसते. ती वाचणारा एक आणि ऐकणारे चार, अशी बैठक गृहीत धरूनच लिहिली जाते. बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ही तशीच लिहिली आहेत. वाक्ये ऐकायची आहेत. मध्येच थांबून, हसून, ‘मग काय झालं’ असे कुणी तरी विचारेल याची वाट पाहणारी.

ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी 1950 मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्याला त्यांनी ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले. म्हणजे मी मागोमाग जाते. नावात बायबलचा सूर आहे, आणि पत्नी पतीच्या, शिष्या प्रभूच्या मागे चालल्याचे चित्रही. सुटी चित्रे एका नावाने रस्ता झाली. साक्षीचा आकार मागच्या दाराने परत आला. पुस्तकात मात्र टिळक वरचेवर घरातून नाहीसे होतात, पैसे कुणाला तरी देऊन रिकाम्या हाताने परत येतात, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला जेवायला घेऊन येतात. आणि बाई पदर खोचून आणखी एक पान वाढायला घेतात.